उदाहरणांची नावं

‘हे लेबल आधीच वापरलेलं आहे.’

या अर्थाची इंग्रजी ओळ ज्योत्स्नाच्या स्क्रीनवरून पहिल्यांदा सरकत गेली, तेव्हा तिच्या एका हातात नाचणीची वाटी होती आणि दुसऱ्या हाताने ती तान्ह्या लेकीचं, मैनाचं तोंड उघडायला पाहत होती. मैनाने ओठ गच्च मिटले होते. ओळ ज्योत्स्नाने वाचली. वाचलीच नाही, असं तिला पुढे कधी म्हणता आलं नाही. पण ती वॉर्निंग होती, एरर नव्हती. एरर आली की काम अडतं, पानं निघत नाहीत. वॉर्निंग आली तर मशीन नुसतं कुरकुरतं आणि पानं काढून देतं. पानं तर निघाली होती.

“काय म्हणून राहिलं ते?” तिच्या नवऱ्याने, प्रीतमने डबा भरता भरता विचारलं. त्याची बडनेऱ्याला रेल्वेत नोकरी. सकाळी घराबाहेर पडताना त्याला सगळ्याच गोष्टींत रस वाटायचा.

“काही नाई. बोंबलतेच ते.”

“अन् बोंबललं तं पाहाव नाई लागत?”

“तुमच्या सिग्नलवानी नसते ते. लाल दिसला का गाडी थांबवा!”

तो हसला आणि गेला. ज्योत्स्नाने ती ओळ पुसून टाकली.

ज्योत्स्ना अमरावतीत घरी बसून पुस्तकांची पानं लावून द्यायची. गणिताची पुस्तकं, प्रबंध, प्राध्यापकांची नियतकालिकं. एम.एस्सी. अकोल्याला झालेलं, आणि हे काम शिकवलं होतं तिथल्याच शालिकराम सरांनी. सर आता निवृत्त झाले होते. जठारपेठेतल्या घरात एकटेच राहायचे. मनकर्णाकाकू जाऊन बराच काळ लोटला होता, मुलगा देवानंद बंगळुरूला. आयुष्यभर खेड्यातल्या पोरांसाठी हाताने उतरवून ठेवलेली गणितं आता मराठीत पुस्तक करून छापायची, एवढंच त्यांनी मनात घेतलं होतं. ते स्वतः टाईप करायचे, एकेक प्रकरण ज्योत्स्नाला मेलने पाठवायचे, आणि पानं नीट लावणं हे तिचं काम.

या कामाची तऱ्हा जरा वेगळी असते. फाईलमध्ये दोन प्रकारचा मजकूर. एक छापून येणारा. दुसरा कमांडचा, म्हणजे उलट्या तिरप्या रेघेने सुरू होणारे इंग्रजी शब्द. इथे मथळा कर, इथे अपूर्णांक मांड, याला चौकट घाल. कमांड छापून येत नाहीत, पण त्यांच्याशिवाय पान उभं राहत नाही. स्पेलचेकरला यातलं काही उमगत नाही. त्याच्या लेखी प्रत्येक कमांड म्हणजे चुकलेला शब्द. फाईल उघडली की सगळीकडे लाल रेघा, गोवर उठल्यासारख्या, आणि त्यात खरी चूक डोळ्याला सापडत नाही. म्हणून त्याला आधी सांगून ठेवावं लागतं की बाबा, कमांड आली की ओलांडून जा, कमांडच्या कंसातलं नाव आलं की तेही ओलांडून जा, छापायचं तेवढंच वाच. हे सांगून ठेवायची युक्तीसुद्धा सरांचीच.

आणि नावांची खोड, तीही सरांचीच. फाईलमध्ये प्रत्येक उदाहरणाला एक लेबल द्यावं लागतं, म्हणजे मागे उत्तरांच्या पानावर ‘अमुक उदाहरण पाहा’ असं आपोआप येतं. बाकीचे लोक लेबल म्हणून प्रकरणाचा आणि गणिताचा आकडा घालतात. सर नाव ठेवायचे. पपई. आत्याबाई. मूर्तिजापूर. ताक. अंबाडी. मन्या मांजर. इंग्रजी अक्षरांत वऱ्हाडी शब्द. कॉलेजात असताना ज्योत्स्नाने एकदा विचारलं होतं, “सर, छापून तर येत नाही हे. मग कावून इतकं डोकं लावता?”

“नंबर बदलते बेटा. मधात एखादं उदाहरण घुसलं का पुढच्या साऱ्यांचे नंबर सरकले. नाव सरकते काय? अन् पोराले आपण कधी नंबरानं हाका मारतो?”

त्यावर वर्ग हसला होता.

तर ती वॉर्निंग ‘ताक’ या नावाची होती. चौथ्या प्रकरणात दोन उदाहरणांचं नाव ताक. ज्योत्स्नाने दुसऱ्याला ‘ताक-२’ केलं आणि विषय संपवला. सरांना काय कळवायचं? उगाच लाजतील. पुढच्या प्रकरणात पुन्हा काही नावं दुबार आली. मैनाला तेव्हा दात येत होते, ती रात्रंदिवस खांद्यावरून उतरत नव्हती. एकेक नाव शोधून बदलत बसायला सवड कुठली? ज्योत्स्नाने चार ओळींचा एक छोटा प्रोग्राम लिहिला. नाव दुबार आलं की पहिलं तसंच ठेवायचं, पुढच्यांना आपोआप आकडा लावायचा. त्यानंतर मशीनची कुरकूर थांबली. सरांची फाईल आली की आधी हा प्रोग्राम, मग स्पेलचेकर, मग पानं. कच्ची फाईल डोळ्यांखालून घालायची गरजच उरली नाही.

आणि स्पेलचेकर सरांच्या फाईलमधून रिकाम्या हाताने परत यायचा. एक वेलांटी इकडची तिकडे नाही. बाकीच्या प्राध्यापकांच्या फाईली दुरुस्त करताना तिचे डोळे दुखायचे, सरांची फाईल म्हणजे विसावा.

लक्ष न देणारी बाई मात्र ती नव्हती, उलट लक्ष देऊन देऊन सासूला वीट आणणारी. मैनाने झोपेत कूस बदलली तरी ही उठून बसायची. श्वास जलद वाटतो का, कपाळ तापलं का, कालच्यापेक्षा कमी प्यायली का. कौशल्याबाई म्हणायच्या, “पोरीनं शिंक देली का हिनं डॉक्टर गाठला! आमी काय पोरं वाढवले नाई?”

“तुमच्या वेळी गोष्ट वेगळी होती आई.”

“हो ना. आमच्या वेळी लेकरं नुसते शिंकत होते.”

सरांचा फोन आठवड्यातून एकदोनदा यायचा. आवाज तोच, वर्गाच्या शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा. “जय भीम बेटा! कसं चालू आहे? घरचे बरे? बाळाले दात आले काय?”

“आले ना सर, चार.”

“वा वा! अन् काम?”

“तुमचं पाचवं प्रकरण लावून झालं.”

“वा वा. मंग काय, चालू द्या. घरचे बरे ना सगळे?”

दात आले काय, हे सर दर फोनला विचारायचे. मैनाला दाढा आल्या तेव्हाही विचारायचे. ज्योत्स्नाला वाटायचं, किती माया या माणसाची.

मग एका रविवारी देवानंदचा फोन आला. एरवी तो तिला फोन करत नसे. “ज्योत्स्ना, एक विचारायचं होतं. बाबा तुझ्याशी बोलतात, तुला फाईली पाठवतात. तुला काही वेगळं वाटतं का?”

“वेगळं म्हणजे?”

“सांगता येत नाही नीट. मागच्या वेळी आलो तर फ्रीजमध्ये दह्याचे डबेच डबे. रोज नवीन आणलेले. मी म्हटलं तर हसले. एखाद्या डॉक्टरला दाखवावं असं मनात येतं, पण ते चिडतात. म्हणतात, मी पुस्तक लिहून राहिलो, मले काय झालं? तू सांग. फाईली नीट येतात का?”

ज्योत्स्ना मनापासून हसली. “दादा, एक चूक नसते त्यांच्या फाईलमध्ये. स्पेलचेकर रिकामा जातो. तुमच्या माझ्यापेक्षा डोकं चांगलं चालते सरांचं. दह्याचं काय, एकटा माणूस, आणलेलं विसरला असेल.”

पलीकडे देवानंदने सोडलेला श्वास तिला ऐकू आला. “बरं झालं तुला विचारलं,” तो म्हणाला. “उगाच जिवाला घोर लावून घेतला होता.” डॉक्टरचा विषय त्याने दिवाळीपर्यंत पुढे ढकलला. दिवाळीत त्याला सुटी मिळाली नाही.

उन्हाळ्यात सरांनी उत्तरांचं प्रकरण पाठवलं. मैना दुपारची झोपली होती, कूलर घरघरत होता. ज्योत्स्नाने नेहमीसारखा प्रोग्राम चालवला, स्पेलचेकर चालवला, पानं काढली. पहिली काही पानं बरोबर. मग एका उत्तराखाली आलं, उदाहरण २१२ पाहा. त्याच्या खालच्या उत्तराखालीही उदाहरण २१२ पाहा. पुढच्या पानावर सगळ्याच उत्तरांखाली तेच. वर्तुळाच्या गणिताचं उत्तर, गाडीच्या वेगाच्या गणिताचं उत्तर, हौदाच्या गणिताचं उत्तर, सगळ्यांना पाहायचं ते २१२.

प्रोग्राम बिघडला असेल म्हणून तिने कच्ची फाईल उघडली. कितीतरी महिन्यांनी सरांची फाईल ती अशी, सरांनी लिहिली तशी पाहत होती. पहिली ती काही पानं सोडली तर प्रत्येक उत्तरात कमांड, आणि कमांडच्या कंसात एकच नाव. चष्मा. चष्मा. चष्मा.

तिने मागच्या प्रकरणाची मूळ फाईल काढली. तिथे उदाहरणांचीही नावं चष्मा, मधूनच एखादं पेन, एखादं दार, पुन्हा चष्मा. त्याच्या मागची काढली. पेन, टेबल, चहा, दूध, दार, चष्मा, पेन, टेबल. त्याच्या मागचीत ताक, दही, दूध, मनकर्णा, दही. मग पहिलं प्रकरण उघडलं. पपई, आत्याबाई, मूर्तिजापूर, अंबाडी, शेवग्याच्या शेंगा, कावड यात्रा, खारी बुंदी, मन्या मांजर, बाळापूरची वेस. सगळं वऱ्हाड त्यात होतं. ज्योत्स्ना पहिल्या प्रकरणावरून शेवटच्या प्रकरणापर्यंत पुन्हा एकदा आली. बाजार, गावं, माणसं एकेक करून निघून गेली होती. मग घर उरलं. मग खोली. शेवटी टेबलावर समोर दिसणारी एकच वस्तू.

गणितं वहीत आधीच लिहिलेली होती. सर ती बघून उतरवत होते, म्हणून त्यांत चूक नव्हती. नावं मात्र ते ज्या त्या दिवशी मनातून काढत होते. आणि नेमकी तीच जागा ओलांडून जायला तिने स्पेलचेकरला सांगून ठेवलं होतं. त्यातून मशीनला जे खटकलं, ते तिने प्रोग्राम लिहून गप्प केलं होतं.

ती उठून मैनाजवळ जाऊन बसली. तिच्या कपाळावर हात ठेवला. कपाळ थंड होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रीतमने तिला बडनेऱ्याहून गाडीत बसवून दिलं. मैना कडेवर. अकोल्याला उतरून ऑटोने जठारपेठेत पोचली तेव्हा मनात एकच आशा होती की आपण नेहमीसारख्या उगाच घाबरलो असू, सर दार उघडतील आणि म्हणतील, काय वं वेडे.

सरांनी दार उघडलं. इस्त्रीचा शर्ट, दाढी केलेली. “या, या! लय दिवसांनी!”

ज्योत्स्नाचा जीव भांड्यात पडला. “हो ना सर. म्हटलं भेटून येऊ.”

“बसा ना. घरचे बरे सगळे? हे लेकरू तुमचं? वा वा! दात आले काय बाळाले?”

मैनाने सगळे दात दाखवत सरांकडे पाहिलं. ज्योत्स्ना बसली खरी, पण तिच्या लक्षात येत गेलं की सर जे जे म्हणत होते, ते दारात आलेल्या कोणालाही म्हणता आलं असतं. फोनवरचं बोलणंही असंच होतं. प्रत्येक वाक्य चांगलं, आणि कोणालाही चालणारं.

“सर, मी ज्योत्स्ना.”

“हो ना, हो ना.” सर हसले. “ज्योत्स्नाले नाई ओळखत काय मी! माझी विद्यार्थिनी ते. अमरावतीले असते. लय हुशार पोरगी. तिचंच काम करून राहिलो मी.” मग जरा पुढे झुकून, हळू आवाजात म्हणाले, “तुमची भेट झाली तं तिले सांगाल काय? म्हणा, सर शेवटचं प्रकरण देतातच. थोडं मागं पडलं म्हणा, पण देतात. पोरगी वाट पाहत असंन.”

“सांगते, सर,” ज्योत्स्ना म्हणाली. उत्तरांचं ते शेवटचं प्रकरण तर सरांनी तिला पाठवून झालं होतं.

“चहा घेता ना?” म्हणून ते आत गेले. आतून भांड्याचा आवाज आला नाही. तिने जाऊन पाहिलं तर ते ओट्यापाशी उभे होते, हातात रिकामं पातेलं, आणि मांडणीवरच्या डब्यांकडे एकेक करून पाहत होते, परीक्षेच्या हॉलमध्ये पेपर अवघड गेलेला पोरगा पाहतो तसे. तिने पातेलं त्यांच्या हातातून घेतलं. “मी करते. तुमी मैनाले सांभाळा.”

चहा घेऊन ती बाहेर आली तेव्हा सर टेबलाशी बसले होते. मैना त्यांच्या मांडीवर. समोर जुनी वही, कॉम्प्युटर, बाजूला काढून ठेवलेला चष्मा. सर एक बोट वहीच्या ओळीवर ठेवून दुसऱ्या हाताने टाईप करत होते, सावकाश, एकही अक्षर न चुकता. अपूर्णांकाची कमांड अचूक आली. कंस उघडला, बंद झाला. मग लेबलची कमांड आली आणि बोटं थांबली.

ते खिडकीकडे पाहू लागले. भिंतीकडे पाहिलं. मांडीवरच्या मैनाकडे पाहिलं, बराच वेळ, आणि ज्योत्स्नाला वाटलं आता काहीतरी सापडेल. मग त्यांची नजर टेबलावर आली आणि चेहरा खुलला. चष्मा, त्यांनी लिहिलं.

“नाव पाहिजे ना त्याले,” ते तिला समजावत म्हणाले. “बिननावाचं कसं सोडावं लेकरू?”

तिने गॅलरीत जाऊन देवानंदला फोन लावला. सगळं सांगितलं, प्रोग्रामचंही. 

तो दुसऱ्या दिवशी विमानाने नागपूरला आणि तिथून अकोल्याला आला. डॉक्टरांनी तपासण्या केल्या. विसरण्याचा आजार, बराच पुढे गेलेला. गेलेलं परत येणार नाही, ते म्हणाले, थोडं आधी आणलं असतं तर पुढचं जरा लांबवता आलं असतं. दवाखान्याच्या पायऱ्यांवर देवानंद म्हणाला, “तू म्हणाली होतीस, एक चूक नसते.” आवाजात राग नव्हता. तो फक्त आठवत होता, आपण कशाच्या भरवशावर थांबलो ते. ज्योत्स्नाला तो ओरडला असता तर बरं वाटलं असतं.

देवानंदने सरांना बंगळुरूला नेऊन पाहिलं. तिथे ते रोज जठारपेठ शोधत घराबाहेर पडायला लागले. एकदा संध्याकाळपर्यंत सापडले नाहीत. शेवटी तो त्यांना परत घेऊन आला, आणि दिवसभर घरात राहायला माणिकबाई नावाची एक समजदार बाई ठेवली. आपल्या घरात सर शांत असतात.

पुस्तक राहिलं होतं. उत्तरं कोणत्या उदाहरणाची, हे फाईल आता सांगू शकत नव्हती. ज्योत्स्नाने वही-पेन घेतलं आणि चष्मा नावाचं प्रत्येक उदाहरण स्वतः सोडवायला बसली. उत्तर आलं की ते सरांच्या उत्तरांत शोधायचं, सापडलं की जोडी लावायची. कौशल्याबाई मैनाला पायांवर घालून थोपटत तिच्याकडे पाहत असत. एकदा म्हणाल्या, “पोरीच्या अंगावर मच्छर बसला तं तुले भिंतीपल्याडून दिसते, अन्...” वाक्य अर्धंच टाकून त्यांनी उठून तिच्यासाठी चहा ठेवला.

अडलं की ती अकोल्याला जायची. सरांना गणित वाचून दाखवायची. तिचं नाव त्यांना सांगता येत नसे, पण हौद किती तासांत भरेल ते डोळे मिटून सांगत आणि बरोबर सांगत. तेवढा वेळ त्यांच्या चेहऱ्यावर जुने सर यायचे. मग माणिकबाई औषध घेऊन आल्या की ते विचारायचे, “या कोण?” आणि ज्योत्स्नाकडे वळून, “अन् तुमी कोणाच्या इथल्या?”

फेऱ्या कमी व्हायला लागल्या. मैना बालवाडीत गेली, प्रीतमची ड्यूटी बदलली, पुस्तकाची पानं लागून झाली. ज्योत्स्नाला स्वतःचं भय वाटायला लागलं. फोन केला की माणिकबाई म्हणायच्या, “ठीक हायेत,” आणि ती फोन ठेवून द्यायची. पुन्हा कोणीतरी सांगत होतं की सगळं ठीक आहे, आणि ती मानत होती.

पुस्तक छापायला जायच्या आदल्या दिवशी तिने देवानंदला विचारून शेवटच्या पानावर, उत्तरांच्या नंतर, एक मजकूर घातला. तिने तो डोळ्यांनी वाचला, मग प्रीतमला मोठ्याने वाचायला लावला. तो असा आहे:

‘मुलांनो, ही गणितं ज्यांनी घातली ते शालिकराम सर अकोल्यात जठारपेठेत राहतात. ते आता नवीन गणितं घालत नाहीत, पण सोडवतात. तुमच्यापैकी कोणी त्या बाजूला गेलं तर त्यांच्याकडे जा. दार उघडायला वेळ लागला तर थांबा. ते म्हणतील, या या, लय दिवसांनी. तुम्हाला ते ओळखतात असं समजू नका, आणि ओळखत नाहीत म्हणून परत फिरू नका. नाव विचारू नका, गणित विचारा. जेवले का ते बघा. ओट्यावर गॅस चालू नाही ना, पायात चपला आहेत ना, मागच्या वेळेपेक्षा शर्ट सैल झाला नाही ना, तेही बघा. “बरे आहेत” असं कोणी सांगितलं तरी आत जाऊन बघा. मी अमरावतीहून दर वेळी येऊ शकत नाही. माझ्यासाठी एवढं कराल का?’